थरथरता दगड

४ ऑक्टोबर

चि. ठोंब्या,

आशीर्वाद आहेतच. ते मिळवायला तुला काही करावं लागत नाही, म्हणून तर तू असा झालास. मी बरी आहे. गुडघा जमेल तेवढं काम करतो, शेजारणीचं मांजर माझ्या खुर्चीत झोपतं. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' करून मोकळा होतोस, म्हणून लिहिते. कागद मधेच 'आवाज येत नाहीये' म्हणत नाही.

तुझा खेळ खेळले. टॅब मांडीवर घेऊन, चष्मा लावून, शाळेत निकृष्ट उत्तरपत्रिका तपासायचे त्या तयारीने.

काळोखात एक खडा. गलोलीसारखं बोटाने मागे ओढून दुसरे खडे त्याच्याकडे सोडायचे. हळूच सोडला तर येऊन चिकटतो, आपला खडा वाढतो. जोरात सोडला तर आदळून दोघांचा चुरा. बेताने, तिरका सोडला तर भोवती फिरत राहतो आणि त्याचा चंद्र होतो. असं वाढवत वाढवत ग्रह करायचा, मग त्यावर पाणी, मग शेवाळ. संपलं. एवढ्यासाठी तू बापाचा लिफ्टचा धंदा सोडून, त्याच्याशी अबोला धरून, परक्या गावात खोली घेऊन बसलायस. शेवाळ मोफत बघायचं असेल तर माझी मोरी आहे.

आता चुका. खडा आदळला की 'धडाम' वाजतं. कशातून वाजतं? तिथे हवा आहे का? सातवीतल्या मुलाने असं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. धूमकेतू येतो, त्याची शेपटी मागे फरफटते, बसमधून बाहेर राहिलेल्या पदरासारखी. शेपटी सूर्याच्या उलट दिशेला असते रे, धूमकेतू कुठेही जात का असेना! हे तुला मी माझ्याच स्वयंपाकघरात, दिवा आणि केरसुणी घेऊन शिकवलं होतं. तेव्हा तू मान हलवली होतीस. तुझ्या मान हलवण्याची किंमत मला तेव्हाच कळायला हवी होती.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. तुझ्या खेळात मोठा दगड लहान दगडापेक्षा वेगाने खाली येतो. हे वाचून तुझे कान लाल झाले नसतील तर आरशात बघून खात्री कर.

एक गोष्ट चुकून बरोबर आलीय. माझा चंद्र ग्रहाच्या फार जवळ गेला, फुटला आणि त्याचं कडं झालं. ते कडं मी जरा वेळ बघत बसले. दूध उतू गेलं. हा दोष दुधाचा.

तू विचारलं आहेस, 'आत्या, खरं सांग, जमलाय का? नसेल तर सगळं सोडून बाबांच्या हाताखाली परत जातो.' माझ्या एका शब्दावर आयुष्य ठरवायला निघालास याचा मला मान वाटायला हवा, पण संताप येतो. स्वतःला कणा नाही म्हणून आत्याचा उसना घेणारा माणूस पाहिला नव्हता. उत्तर मी घाईने देणार नाही.

आणखी एक तक्रार. रविवारी माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसल्या बसल्या मी त्यांना खेळायला दिला. ते म्हणाले, बोट टेकवलं की दगड थरथरतो. मला वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण वाकून बघितलं तर खरंच थरथरत होता. एक खडा जागेवर जाईना. दर वेळी चुरा. शेवटी त्यांनी टॅब बाजूला सारला आणि म्हणाले, 'भिकार खेळ आहे. कळव त्याला तसं.'

म्हणून कळवते. खेळ भिकार आहे की नाही ते राहू दे, पण दगड थरथरतो एवढं नक्की. तेवढं दुरुस्त कर.

बाप कसा आहे हे तू विचारलं नाहीस. मीही सांगत नाही.

तुझी,
आत्या


१३ ऑक्टोबर

चि. ठोंब्या,

तुझा निरोप पोचला. खेळ सगळीकडे तपासलास, कुठेही दगड आपोआप थरथरत नाही. बोट हललं तरच दगड हलतो. आणि खाली लिहिलंस, 'आत्या, तुझा हात कापतो का गं? डॉक्टरकडे जा, मी येऊ का?'

माझा हात अजून खडूने फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढतो. पण तू आधी माझा विचार केलास, खेळाचा नंतर. ते मी पाहिलं. पुढे चल.

निरोप वाचला तेव्हा मी उभी होते. मग बसले. रविवारी आलेला गृहस्थ तुझा बाप होता.

तुला सांगितलं नाही, कारण तो ज्या कामासाठी आला होता ते सांगायची मला लाज वाटत होती. दोन वर्षांनी माझ्या घराची पायरी चढला. पाणी दिलं तर प्यायला नाही. म्हणाला, पोरगा तुझं ऐकतो, त्याने तुला खेळ पाठवलाय असं कळलं, तू फक्त लिही की खेळ टाकाऊ आहे, बाकी मी बघतो. मी विचारलं, तू तो पाहिलास का? म्हणाला, बघायचं काय त्यात. माझा धाकटा भाऊ आहे. लहानपणापासून न वाचता सही करतो. म्हणून मी टॅब त्याच्या हातात कोंबला. पुढचं तुला मागच्या पत्रात लिहिलंय.

तुझा निरोप आला त्याच दुपारी मी त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. तुला ती जागा माहीत आहे. तळघर, दोरखंडांची भेंडोळी, ग्रीसचा वास, भिंतीला टेकवलेले लिफ्टचे दरवाजे, आणि मधे काचेच्या खोलीत राजासारखा बसलेला तुझा बाप. मी टॅब त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, खेळ. तो म्हणाला, मला कामं आहेत. म्हटलं, मग हात दाखव. त्याने उजवा हात खिशात घातला. साठी जवळ आलेला माणूस, चिंचा चोरलेल्या पोरासारखा हात खिशात घालून बसला होता. मी दार लावून घेतलं. बाहेरची माणसं काचेतून बघायची थांबली. बहीण ओरडायला आलीय हे त्यांना कळलं असावं.

बराच वेळ तो धंदा, नवे कायदे, वाईट कामगार असं काहीबाही बोलत राहिला. मी टेबलावर बोटं वाजवत बसले. वर्गात कोणी खरं बोलत नसलं की मी हेच करायचे. शेवटी थकला.

'लिफ्टच्या खड्ड्यात खाली माणूस उभा असतो, ताई,' तो म्हणाला. 'मागच्या महिन्यात माझ्या हातून वरून पाना सुटला. खालचा माणूस नुकताच बाजूला सरकला होता.'

त्यानंतरही हा वर चढत होता. कोणाला सांगितलं नाही. सकाळी डाव्या हाताने दाढी करतो, सही करताना मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरतो, आणि वर चढतो. मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही, कागद जळेल. भ्याड हा त्यातला सौम्य शब्द होता.

मग मी विचारलं, मुलाला सरळ का नाही सांगितलंस? हात कापतो, ये, एवढे तीन शब्द. माझ्याकडून खोटं कशाला लिहून घेत होतास? त्याचं उत्तर ऐक. मी जसंच्या तसं देते.

'हात कापतो म्हणून आला तर कीव करून येईल. खेळ फसला म्हणून आला तर त्याचा माझ्यावर उपकार राहणार नाही.'

म्हणजे स्वतः हरायला नको म्हणून मुलाला हरवून घरी आणायचा, आणि हरवायचं काम बहिणीने करायचं. तुझ्या बापाला मी आजवर हट्टी समजत होते, गर्विष्ठ समजत होते. इतका क्षुद्र आहे हे माहीत नव्हतं. मी तसं त्याच्या तोंडावर म्हटलं. तो टेबलावरच्या ग्लासाकडे बघत होता, पण उचलत नव्हता. मी त्याच्यासमोर उचलून त्याच्या तोंडाशी धरला. रविवारी पाणी का प्यायला नाही, ते मला तेव्हा कळलं. प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे ओढत. डॉक्टरीण बाईंनी कागद पेन दिलं आणि आतून बाहेर वेटोळं काढायला सांगितलं. तुझ्या बापाने काढलेली रेष मी पाहिली. भूकंपाच्या यंत्राने काढल्यासारखी होती. बाई म्हणाल्या, कंप आहे, नक्की कुठल्या प्रकारचा ते तपासण्यांनंतर कळेल, गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात येऊ शकतो. घाबरण्यासारखं आहे का, असं मी विचारलं. म्हणाल्या, उंचीवर चढण्यासारखं नाही. बाई मला आवडल्या.

तेव्हा तो आता वर चढत नाही. थोरल्या मिस्त्रींकडे वरची कामं दिली आहेत, तुझा बाप काचेच्या खोलीत बसून सगळ्यांचं डोकं खातो. मिस्त्रींना म्हणे बऱ्याच दिवसांपासून संशय होता. कामावर तो एकटाच चढू नये म्हणून मागे मागे फिरत होते. तळघरातल्या लोकांना माहीत होतं, आणि आपल्याला, सख्ख्यांना, एका खेळाने सांगितलं. आपली घरची हुशारी!

त्याने मला बजावलं होतं की तुला काही कळवायचं नाही. मी शब्द दिला नव्हता. देणारही नव्हते.

आता तुझं. यायचं असेल तर ये. बापाला भेटायला ये, त्याच्यावर ओरडायला ये, मी जागा देईन. धंदा सांभाळायला यायलाच हवं असं नाही, मिस्त्री सांभाळतायत. पण आलास तर हरून येऊ नकोस. कोणी विचारलं तर सांग, माझं एक काम होतं ते मी पुरं करून आलो. कारण ते पुरं झालंय. आवाज खोटा आहे, शेपटी खोटी आहे, दगड चुकीचे पडतात आणि तरी मी तीन ग्रह वाढवलेत. एकावर शेवाळ आहे. खेळ जमलाय, ठोंब्या. मागच्या पत्रात हे लिहायला माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. आपल्या घरात चांगलं म्हणायची रीत नाही, ती मीही पाळली.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर, लाकडी बाकावर, आमचा नंबर यायची वाट बघत असताना तुझ्या बापाने माझ्या पिशवीतून टॅब काढला. न विचारता. मांडीवर ठेवून डाव्या हाताने उजवं मनगट धरून दगड सोडत बसला. शेजारच्या बाईंचं पोर टकमका बघत होतं. एकही दगड बसला नाही. मला वाटलं, आता आपटणार. पण त्याने फक्त मान वर केली.

'त्याला विचार,' तो म्हणाला, 'ज्याचं बोट हलतं त्याच्यासाठी काही करता येतं का.'

तुझ्या खेळावर झालेल्या सगळ्या टीकेत ही एकच मला महत्त्वाची वाटते, आणि ती माझी नाही. उत्तर मला पाठवू नकोस. त्याला पाठव.

तुम्हा दोघांची तोंडं एकमेकांकडे वळवून मान दुखू लागलेली,

आत्या