मागच्या खोलीची लेव्हल

६ जानेवारी

कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. हातोडा शेजारच्या परवीनआपांचा, घावही त्यांचेच. घर विकणाऱ्यांनी किल्ली पाठवली होती ती दुसऱ्याच कुठल्या कुलपाची निघाली. आपा म्हणाल्या, महाडात आलीस ती चोरासारखी आलीस, आता मालकिणीसारखी राहा. मग त्यांनीच झाडू आणला आणि त्यांच्याच घरचा चहा.

पुढची खोली, स्वयंपाकघर, बोळ, मागची खोली. वर गच्ची. मागच्या खिडकीतून सावित्री दिसते. नदी या दिवसांत बारीक असते. बायका दगडांवर कपडे धुताना दिसतात, पण आवाज इथवर येत नाही.

अब्बा, म्हणजे माझे सासरे, मुंबईच्या इस्पितळात आहेत. डावी बाजू गेली आहे. सारं आयुष्य त्यांनी महाडात भाड्याच्या घरात काढलं. मुलांनी आता हे घर घेतलं, ते त्यांच्यासाठी. ३० तारखेला रुग्णवाहिका त्यांना घेऊन येईल. मागची खोली त्यांची. संडास तिलाच लागून आहे. पण बोळातून खोलीत जायला एक पायरी चढावी लागते. ती काढून खोलीची जमीन बोळाच्या बरोबरीला आणायची, दार रुंद करायचं, कमोड आणि धरायला दांडा बसवायचा.

राहीलने, माझ्या नवऱ्याने, दोह्याहून सांगितलं, रोज काय काम झालं ते लिहून ठेव. ठेकेदाराशी वाद झाला तर उपयोगी पडतं. म्हणून ही वही. शाळेची महिनाभर रजा घेतली आहे. मला इथे बरं वाटतंय.

८ जानेवारी

आपांनी सांगितलेले ठेकेदार आले. भिकाजी नाव. साठीचे, आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीतले. कमी बोलतात. सगळं घर फिरून पाहिलं. मागच्या खोलीत मात्र आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभं राहून नजरेनेच माप घेतलं. मला ते आवडलं. माप कळणारा माणूस.

स्टॅम्प पेपरवर कामांची यादी केली. सही करताना ते थांबले. मागची खोली खाली घेण्यापेक्षा बाकीचं घर पायरीभर वर घेऊ, म्हणाले. एवढ्या दिवसांत ते होणार नाही आणि गरजही नाही, मी सांगितलं. त्यांनी सही केली.

११ जानेवारी

काम सुरू. मोरू गवंडी आणि त्याची बायको शकू. मोरू फोडतो, शकू घमेली उचलते आणि सारखी बोलते. ओळंबा धरलेला मोरू एक डोळा मिटून बघत होता. शकू मला म्हणाली, "ह्येंची नजरच वाकडी हाय, भाभी. भिंतीला उगाच बोल लावू नका." मोरू म्हणाला, वाकडी होती म्हणून तर तुझ्याशी लगीन केलं.

लाद्यांखाली दुसरी फरशी निघाली. पायरी नंतर केलेली आहे. कोणी केली, विचारलं. भिकाजी म्हणाले, पूर येऊन गेला की लोक जमीन वर घेतात.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. शकू मुद्दाम येऊन तीळगूळ देऊन गेली.

१६ जानेवारी

लाद्या बसल्या. चाकाची खुर्ची भाड्याने आणली होती, ती नव्या जमिनीवर मधोमध ठेवली. हात काढला. खुर्ची आपोआप निघाली आणि खिडकीखालच्या कोपऱ्याला जाऊन टेकली. तीनदा ठेवली, तिन्ही वेळा तेच.

अब्बांचा एकच हात चालतो. ते खुर्ची आवरू शकणार नाहीत.

भिकाजींना दाखवलं. त्यांनी पिशवीतून लेव्हलची नळी काढली. पारदर्शक प्लास्टिकची, पंधरा हात लांब, पाण्याने भरलेली. एक टोक इथे, एक तिथे. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं, तिथे निळ्या खडूने खूण करायची. इथले गवंडी यंत्रापेक्षा नळीवर विश्वास ठेवतात. भिकाजींनी बोळात कमरेइतक्या उंचीवर टोक धरलं. मोरू आत कोपऱ्यात उभा राहिला.

मोरूकडचं पाणी त्याच्या छातीपाशी होतं, म्हणजे कोपरा हातभर खाली; डोळ्यांना तर तसं दिसत नव्हतं.

नळीत बुडबुडा असला की लेव्हल चुकते. भिकाजींनी नळी झटकली, पाणी काढून पुन्हा भरलं. पुन्हा छातीशी. मोरूने तिथे खूण केली.

१७ जानेवारी

कोपऱ्यातल्या लाद्या उखडून पुन्हा बसवल्या. भिकाजी दिवसभर उंबऱ्याबाहेर. खुर्ची पुन्हा कोपऱ्याला गेली.

१८ जानेवारी

भिकाजी एकटे आले. मागची खोली छतापर्यंत भरून बंद करा, म्हणाले. अब्बांसाठी पुढच्या अंगणात पत्र्याची खोली बांधून देतो, दहा दिवसांत.

काम बिघडवायचं आणि वर नवं काम मागायचं, असं मला वाटलं. तसं बोललेही. ते चिडले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते.

आधीच्या मालकांची आई या खोलीत असायची. अंथरुणाला खिळलेली. पुराची भोंग्यावरून सूचना आली तेव्हा मुलगे तिला गच्चीवर नेणार होते. ती जड होती, जिना अरुंद. भिंतीवर जुन्या पुराची खूण होती. महाडात सगळे त्या खुणेवर विसंबतात, पाणी त्याच्या वर येत नाही म्हणतात. खाट विटांवर चढवून खुणेच्या वर घेतली की झालं, असं ठरलं. खूण दाराजवळ, खाट कोपऱ्यात. म्हणून त्यांनी भिकाजींना बोलावलं. भिकाजींनी नळी लावून खुणेची लेव्हल खाटेपर्यंत आणली, तिच्यावर वीतभर उंच खाट ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, आता काळजी नाही. दार लोटून सगळे वर गेले.

"लेव्हल बरोबर होती, भाभी. केसभर चूक नव्हती. पानी खुनेला थांबलं नाय."

दार पाण्याने फुगलं होतं. दुसऱ्या दिवशी तेही भिकाजींनीच करवतीने कापलं.

मला वाईट वाटलं. पण मला ३० तारखेला खोली हवी आहे. मी विचारलं, उतार नीट करून देणार की नाही. ते म्हणाले, "उतार जमिनीत नाय. मी जमीन कशी नीट करू?"

मी म्हटलं, मग काम सोडा. ते गेले. नळी बोळातच राहिली.

२० जानेवारी

कोर्टाजवळ ॲडव्होकेट बुद्धरत्न बसतात. तरुण आहेत, नीट ऐकून घेतात. म्हणाले, घाईने दुसरा ठेकेदार लावू नका, आधी झालेल्या कामाचे फोटो काढा, तारखेसकट. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवू. खुणांचे फोटो विशेष घ्या, ठेकेदाराची चूक त्यानेच भिंतीवर लिहून ठेवली आहे. वही चालू ठेवा, असंही म्हणाले.

२१ जानेवारी

फोटो काढायला गेले. निळी खूण छातीशी नाही. माझ्या हनुवटीशी आहे. छातीशी होती तिचा मागमूस नाही, खडू पुसल्याचा डागही नाही.

म्हणजे कोणी तरी घरात शिरून हे केलं. भिकाजींचं म्हणणं खरं करायला. नवं कुलूप आणलं. खिडकीच्या गजांना तार बांधली.

२२ जानेवारी

खूण डोळ्यांच्या रेषेत.

कुलूप जसंच्या तसं. तार तशीच.

शकू अवजारं न्यायला आली. मी तिला खूप बोलले. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, भिकाजीकाका परवापासून वाडीवर आहेत, तापाने. खाली उतरलेलेच नाहीत. फावडी उचलली. नळी राहू दे, काका तिला हात लावणार नाहीत म्हणाले, असं सांगून गेली.

२३ जानेवारी

थांबता येत नाही, सात दिवस राहिले. अक्षय नावाचा सिव्हिल इंजिनिअर आला. तिवईवर लेझर ठेवला. चारही भिंतींवर लाल रेघ, सरळ. म्हणाला, मॅडम, कोपरा एक सूत, तीनेक मिलिमीटर, खाली आहे, बस. जुन्या लोकांची नळी आता संग्रहालयात द्या. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

२६ जानेवारी

जमीन झाली. भिंती रंगवल्या, खूण गेली. दांडा, कमोड, नवं रुंद लाकडी दार. शाळेतल्या झेंडावंदनाचा बँड ऐकू येत होता. खुर्ची मधोमध ठेवली. हलली नाही. अर्धा तास बसून पाहिलं.

बुद्धरत्नांना फोन करून नोटीस तूर्त नको म्हटलं.

२७ जानेवारी

निळी खूण रंगावर आली आहे. माझ्या कपाळाच्या वर.

अक्षय म्हणाला, खडू रंगातून फुटतो कधी कधी, प्रायमर मारू.

तो गेल्यावर नळी मीच भरली. बुडबुडा राहू दिला नाही. बोळातलं टोक खुर्चीच्या पाठीला कमरेइतक्या उंचीवर बांधलं. दुसरं घेऊन कोपऱ्यात गेले आणि डोक्यावर हात उंच करून धरलं.

पाणी माझ्या मनगटाशी उभं राहिलं. बरोबर तिथे. थरथरतसुद्धा नव्हतं.

दुपारचे बारा वाजले होते. खोलीत ऊन होतं.

२८ जानेवारी

राहीलला सांगितलं. तो म्हणाला, तू थकली आहेस. हैदरला सांगितलं — माझा दीर, तो अब्बांना घेऊन येणार आहे. पुढच्या खोलीत ठेवू म्हटलं. तो म्हणाला, भाभी, संडास मागे, बोळातून दिवसातून किती वेळा उचलणार? मग चार दिवस थांबा म्हटलं. तो म्हणाला, इस्पितळातली खाट दुसऱ्याला दिली आहे.

आपांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ती म्हातारी हाका मारायची, ते आम्ही गच्चीवरून ऐकलं. खूप वेळ. आम्हांला वाटलं, घाबरली असेल. खाट तर खुणेच्या वर होती.

एवढंच.

२९ जानेवारी, सकाळ

नळीतलं पाणी छताच्या एक हात खाली. दोनदा पाहिलं.

वर एक हात मोकळा आहे. अब्बांचा पलंग तिथवर — विटा नाहीत पुरेशा. अक्षयचे सिमेंटचे ठोकळे आहेत अंगणात. आडवे रचले तर —

माणसाला छातीपुरती हवा लागते. पडलेल्या माणसाला त्याहून कमी.

२९ जानेवारी, दुपार

पलंग चढला. ठोकळे, मग टेबल, मग पलंग. हात सोलले. पातळीच्या वर वीतभर आहे. नळी लावून —

हे मी काय करते आहे. त्यांनीही हेच —

नको. अब्बा इथे नकोत. कोणत्याही खोलीत, अंगणात, आपांच्या घरी, पण इथे —

आत्ता हैदरला फोन. फोन पुढच्या खोलीत आहे.

दार उघडत नाही.

कडी काढलेली आहे. नवं दार, तीन दिवसांचं. चौकटीत फुगून बसलंय. खोली कोरडी आहे. लाद्या कोरड्या.

आपांना हाक मारली. आवाज कानापर्यंत येतो नि — जड. बाहेर नदीवर बायका कपडे धुताहेत. एकीने वर पाहिलं. हात हलवला. मला वाटतं तिला वाटलं मी —

ओढणीचं टोक पायांपासून वर येतंय. वारा नाही. हळूहळू, कमरेपर्यंत.

पलंगावर चढले. वही घेतली.

केस मानेवरून उचलले जातायत —

पेन सुटलं. खाली गेलं नाही. पकडलं. एक हात मोकळा आहे वर, छताशी, तोंड तिथे धरलं की — अब्बांना इथे आणू नका, हैदर, आधी हे वाच, अब्बांना —

३० जानेवारी

ॲडव्होकेट बुद्धरत्न यांनी वही पूर्ण करून द्यायला सांगितली, म्हणून मी हैदर हे लिहीत आहे.

आम्ही सकाळी आठ वाजता पोहोचलो. मागच्या खोलीचं दार उघडेना. अक्षयला बोलावून करवतीने कापलं. भाभी पलंगावर होती, छताला चेहरा लावून. कपडे कोरडे होते. खाली घेतली तेव्हा तोंडातून बरंच पाणी आलं. डॉक्टर येऊन गेले. वही पलंगावर मिटलेली होती. ती मी दुपारी उघडली.

मय्यत पुढच्या खोलीत ठेवली. बायका जमल्या. अब्बा तोवर गाडीतच होते, ऊन चढत होतं आणि गाडीला परत जायचं होतं. दुसरी खोली नव्हती. ठोकळे काढून पलंग खाली घेतला आणि साडेदहाला अब्बांना मागच्या खोलीत निजवलं.