हेल्मेट काढलं त्याची हकिकत

तीर्थरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (कागदावरून पाय सापडत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, माझी डावी भुवई सोडून.

त्याचं असं झालं. आम्हा बंबवाल्यांवर एक मारधाडीचा सिनेमा आलाय, त्याचे आमच्या अग्निशमन केंद्राला फुकट पास मिळाले. तुझ्या भावजयीला घेऊन गेलो. म्हटलं, नवरा बावीस वर्षं काय करतो ते हिला एकदा कळू दे. तर पडद्यावर तो नट, शर्टाची बटणं उघडी, डोक्याला हेल्मेट नाही, तोंडाला मास्क नाही, असा पेटलेल्या इमारतीत शिरला आणि नायिकेला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला, भांगही न विस्कटता. हिने माझ्या हातातला हात काढून डोळे पुसले. मी कानात सांगितलं, एवढ्या धुरात हा दोन श्वासांत आडवा होईल. तर म्हणते, तुम्ही कधी कुणाला असं उचललंत? (उचललंय. एका निवृत्त हेडमास्तरांना. चष्मा वर राहिला म्हणून चार जिने मला झापत होते. पण मागे संगीत नव्हतं ना.) त्या आठवड्यात ती आणखी दोनदा तोच सिनेमा बघून आली. माझा नुसता जळफळाट.

गुरुवारी वर्दी आली, आमच्याच गल्लीतली. शिंपीणबाईंच्या दुकानात आग. बंबावरून उतरतो तर गर्दीत पुढेच ही उभी. ताई, बुद्धी फिरली. दारात हेल्मेट काढून ठेवलं, होते नव्हते ते केस मागे सारले आणि आत घुसलो. बाईंना उचलायला हात पुढे केले, तर त्या म्हणाल्या, "मला पाय आहेत. मशीन उचला." तेव्हा पुढे त्या चालत, मागे मी शिलाईमशीन छातीशी धरून, अशी आमची वरात बाहेर आली. भुवई दारातल्या जळत्या पडद्याने नेली. टाळ्या बाईंना पडल्या. साहेबांनी मला महिनाभर पाइप वाळत घालायच्या कामाला लावलंय, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

घरी हिने मलम लावलं. लावता लावता म्हणाली, "त्याचं चुकलं तर पुन्हा शूटिंग घेतात. मी दुसरा नवरा कुठून आणू?"

मी धडधाकट उजवी भुवईही मलमासाठी पुढे केली.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण : हिला फोन कर आणि सहज विचार, आग कुणाची चांगली वाटली, त्याची की माझी. मी विचारायला लावलं हे सांगू नकोस. (उत्तर 'त्याची' आलं तर मलाही सांगू नकोस.)

ता. क. वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. फोन करायची गरज नाही, उद्या संध्याकाळी आम्ही दोघं त्याच सिनेमाला निघालोय. माझी चौथी खेप. तिकिटं यांनीच काढलीत.