गोंदाची गोधडी

॥ श्री ॥
अधारताल, जबलपूर
६ नोव्हेंबर २०२४

ती. विनतावन्सं यांना,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आवडत नाही, म्हणून नेहमीसारखे पत्रच. दीप्ती आणि नात दोघी खुशाल आहेत. आलोक बाप झाल्यापासून घरात पावले न वाजवता चालतो, आणि बाळ मात्र सगळ्या गल्लीला उठवते. बारसे एक डिसेंबरला, रविवारी. तुम्ही, योगेंद्र, सूनबाई प्रतिमा आणि नातू वेदांग, सगळ्यांनी पाटनहून आदल्या दिवशीच यायचे.

आता खरी बातमी. बाळाची गोधडी मी करायला घेतली आहे. खाली माझी धुऊन धुऊन मऊ झालेली महेश्वरी साडी, मध्ये कापूस, आणि वर तुमच्या भावाचे फॅक्टरीतले निळे शर्ट कापून केलेले चौकोन. ह्यांना जाऊन दोन वर्षे झाली, शर्ट तसेच कपाटात होते. नातीला आजोबा दिसले नाहीत, निदान अंगावर तरी येतील.

माझी बोटे कशी झाली आहेत ते तुम्ही पाहिलेच आहे. मशीन चालवता येते, पण तीन थर सरकू नयेत म्हणून जमिनीवर ओणवे बसून कच्चे टाके घालणे आता होत नाही. म्हणून दीप्तीने कापडावर मारायचा गोंदाचा फवारा मागवून दिला. गच्चीवर वर्तमानपत्रे पसरली, नाकाला रुमाल बांधला, फवारा मारला, थरावर थर ठेवला आणि तळहाताने सारखा केला. अर्ध्या तासात काम संपले. कच्चा टाका एकही नाही!

फजितीही सांगते. वाऱ्याने माझा पदर मधल्या थरात गेला आणि मला कळलेच नाही. उठायला गेले तर गोधडी माझ्याबरोबर उठली. शेजारची गीतांजली कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, दीदी, अब तो पोती के साथ आप भी पालने में जाओगी. पण हळूच ओढला तर पदर सुटला, डागसुद्धा नाही. हा गोंद समजूतदार आहे. चुकले तर सोडतो, आणि धुतला की निघून जातो. बाळाला द्यायच्या आधी दोनदा धुणार आहे, तेव्हा तिच्या नाकाची काळजी करू नका.

आधीच कळवते आहे. नंतर कळले असते तर रागावला असतात. आताही रागवालच म्हणा!

राग आला तरी लोभ आटू देऊ नये.
तुमची,
शरयू


॥ श्री ॥
पाटन
११ नोव्हेंबर २०२४

चि. गं. भा. शरयूस,
विनताचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. पुढचे वाचून चष्मा काढून ठेवला.

हे काय नवीन काढलेस? गोधडी म्हणजे काय पाकीट आहे, गोंद लावून बंद करायला? आपल्या घरात बाळाच्या पहिल्या गोधडीला पाच सवाष्णी कच्चे टाके घालतात. त्याशिवाय शिवणीला हात लावायचा नाही. तुला ठाऊक नाही असे नाही. आलोकच्या गोधडीला पहिला टाका मीच घातला होता.

बोटे दुखतात हे मान्य. पण बोटे चांगली असती तरी ते काम आता तुझे नव्हते, शरयू. लिहिताना मला बरे वाटत नाही, पण रीत ती रीत. वेदांगच्या वेळी मी कुठे होते? योगेंद्रचे वडील जाऊन चार महिने झाले होते. बैठकीत पाच जणी टाके घालत होत्या आणि मी आत पोळ्या लाटत होते. मी बोलले काही?

तेव्हा हट्ट सोड. प्रतिमाला आणि आणखी चौघींना चोवीस तारखेच्या रविवारी सुया घेऊन पाठवते. तो गोंद धुऊन टाक, त्या नीट टाचून देतील. मी घरातली थोरली आहे. फवारा मारलेली गोधडी मी पाळण्यात घालू देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आलोकलाही सांग.

गुडघ्यांना तेल लावतेस ना? लावत जा.

रागातही तुझीच,
विनता


॥ श्री ॥
अधारताल, जबलपूर
१५ नोव्हेंबर २०२४

ती. विनतावन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. पाकिटावरही तुम्ही गं. भा. लिहिता. माझा नवरा गेला हे पोस्टमनला दर वेळी काहून सांगायचे?

गोंद धुणार नाही. गोधडी अर्धी शिवून झाली आहे.

बोटांचे कारण खरे होते, पण अर्धेच. उरलेले आज लिहिते. माझ्या नातीच्या गोधडीसाठी, माझ्याच नवऱ्याच्या शर्टांवर टाके घालायला पाच जणींना बोलवायचे आणि मी चहा टाकायला आत जायचे, हे मला करायचे नव्हते. दीप्तीने तो डबा हातात दिला तेव्हा पहिल्यांदा वाटले, चलो, आता कोणाला विचारायला नको. फवाऱ्याला माझ्या कपाळाशी काही देणेघेणे नाही.

आणि वन्सं, ते पाच जणींचे टाके राहतात कुठे? शिवण झाली की आपणच ते कापतो, उपसतो आणि केरात टाकतो. राहते ती पक्की शिवण. ती तुमच्या माहेरी कोण घालत होते? माईकाकू. बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. घरातल्या प्रत्येक मुलाची गोधडी त्यांनी शिवली आणि प्रत्येक बारशाला त्या मागच्या खोलीत बसल्या. हे मला तुम्हीच सांगितले होते, डोळे पुसत. तुमचा भाऊ नऊ वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याच शिवणीखाली झोपला. त्याचे काय वाईट झाले?

तुम्ही विचारता, मी बोलले काही? नाही बोललात. बोलायला हवे होते. मी त्या दिवशी बैठकीतच होते, सवाष्ण म्हणून टाका घालत होते, आणि मीही बोलले नाही. त्याची लाज मला आज वाटते.

रविवारी पाच जणी आल्या तर चहा देईन, सुई देणार नाही. बारशाला गोधडी पाळण्यात असेल आणि मी पाळण्याजवळ असेन. ती नसेल तर मीही नसेन. आलोकला सांगितले आहे. तो म्हणाला, आई, तू म्हणशील तसं. दीप्ती फवाऱ्याचा दुसरा डबा मागवून मोकळी झाली.

एवढे लिहिल्यावर लोभ मागायची लाज वाटते, तरी मागते.
शरयू


॥ श्री ॥
पाटन
२१ नोव्हेंबर २०२४

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद. पाकीट पाहिलेस ना? नुसते नाव लिहिले आहे.

तुझे पत्र वाचून दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही. प्रतिमाला वाटले तब्येत बिघडली. तिसऱ्या दिवशी तिला वेदांगची गोधडी काढायला सांगितली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती नीट उलगडून पाहिली.

तुला हे माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही पाच जणी टाके घालून, जेवून गेलात, आणि गोधडी माझ्याकडे आली, कारण एवढी बारीक शिवण घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. तीन आठवडे बसून मी ती शिवली. मग तुमचे टाके मीच कापून काढले. गोधडीत आज जो दोरा आहे तो सगळा माझा आहे, आणि मी तुला लिहिते, मी कुठे होते!

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. थोरल्या नणंदेला असे लिहितात का? पण माझ्यावरचा जास्त आहे.

सुयांवाल्या कोणी येणार नाहीत. मी येते, बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, योगेंद्रच्या गाडीने. गोधडीचा उजवा खालचा कोपरा शिवू नकोस, आणि तिथला गोंदही सोडवून ठेव. माझी बोटे अजून चालतात. तो कोपरा मी बैठकीत बसून, सगळ्यांसमोर, लाल दोऱ्याने हाताने शिवणार आहे. चहा प्रतिमा करील.

आणि ते टाके कोणी उसवायचे नाहीत.

बाळाला आत्याआजीचा पापा. लोभ वाढता राहो, भांडणही चालेल.
तुझी,
विनता