शांतवेळेची पूर्वतयारी

३ फेब्रुवारी
निवृत्तीनंतर माणसाला वेळच वेळ असतो, हे विधान अनुभवाने खोटे ठरले आहे. जन्मभर तर्कशास्त्र शिकवले. प्रार्थनेला मात्र उरल्यासुरल्या सवडीचे तुकडे दिले. उद्यापासून पहाटे शांतवेळ. बायबलचा एक अध्याय, मनन, मग प्रार्थना. आत्मिक वाढ ही इच्छेची नव्हे, शिस्तीची बाब आहे.
मागच्या खोलीत थोरले बंधू आहेत. त्यांनी आयुष्यभर बस चालवली; आता फुप्फुसांनी संप पुकारला आहे. डॉक्टरांनी माझ्या सूनबाईला बाजूला घेऊन महिनाभर म्हणून सांगितले. दादांना कोणी काही सांगितले नाही. त्यांना ठाऊक आहे.

४ फेब्रुवारी
अलार्म वाजला. बंद केला. शरीराला नवी सवय टप्प्याटप्प्याने लावावी.
सकाळी दादांनी बोलावले. म्हणाले, "प्रोफेसर, मला भीती वाटते रे. संध्याकाळी जरा जवळ बसत जाशील का? दोघं मिळून प्रार्थना करू."
त्यांनी पूर्वी कधी माझ्याकडे काही मागितल्याचे आठवत नाही. मन हेलावले. परंतु आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रथम माझी वाढ, नंतर दादांची सेवा; हा क्रम निर्विवाद आहे. थोडी तयारी करून येतो, असे सांगितले.
"कर," ते म्हणाले. "गाडी सुटायच्या आत ये म्हणजे झालं."

७ फेब्रुवारी
पहाटे बसलो. खुर्ची कुरकुरते. कुरकुर ऐकत मनन अशक्य. सुताराला बोलावले. त्याने खुर्ची उलटीपालटी केली आणि सांगितले की खुर्चीत दोष नाही, बसणारा फार हलतो. दुसरा सुतार पाहणे.

१२ फेब्रुवारी
रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या प्रवचनातील दुसरा मुद्दा पहिल्यातून निष्पन्न होत नव्हता. त्याचे खंडन लिहून त्यांना पाठवण्यात दोन दिवसांची शांतवेळ खर्ची पडली. विषय धार्मिक असल्याने ती जमेस धरण्यास हरकत नाही.
फोन दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो आहे. वाजला की काय, हे पाहण्यासाठी वारंवार उठावे लागते.

१५ फेब्रुवारी
सूनबाई म्हणाली की मोठे बाबा विचारत होते, प्रोफेसरांचा अभ्यास कुठवर आला. त्यांना फार काही नको आहे, असेही तिने स्वतःच्या पदरचे जोडले. मी तिला समजावले की अर्धवट तयारीचा माणूस आजाऱ्याचे हितापेक्षा अहितच अधिक करतो. ती दादांची चादर बदलत होती. म्हणाली, "बाबा, ती कड धरता जरा?" धरली. चर्चा तेथेच खुंटली.

१९ फेब्रुवारी
सूनबाई कामे उरकताना गीते म्हणते, नेमकी माझ्या शांतवेळेत. सौम्य शब्दांत हरकत घेतली. तिने मान डोलावली आणि दादांच्या खोलीत जाऊन गाऊ लागली. आता दोन आवाज येतात. दुसऱ्यात सुरापेक्षा खोकला जास्त. माझे दार लावून घेतले.

२३ फेब्रुवारी
गेल्या काही दिवसांत दादांचे बोलावणे आलेले नाही. त्यांना शांती लाभली असावी. हे माझ्या प्रार्थनांचे फळ मानण्यास जागा आहे. त्या प्रार्थना अद्याप व्हायच्या आहेत, हे खरे. परंतु देवाला काळाचे बंधन नाही.

२७ फेब्रुवारी
पाळकसाहेब दादांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देण्यासाठी घरी आले. खंडनाबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. बहुधा उत्तर सुचले नसावे. मंडळीतील ज्येष्ठ या नात्याने प्रार्थनेची सुरुवात माझ्याकडे आली. सर्वज्ञ देव आणि मानवी दुःख यांतील वरवरच्या विसंगतीपासून आरंभ केला. पहिला आक्षेप खोडून दुसऱ्याकडे वळत होतो, तोच दादांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.
"प्रोफेसर, तू त्याला विनवतोयस की कोर्टात खेचतोयस?"
पाळकसाहेब जमिनीकडे पाहू लागले. पुढची प्रार्थना सूनबाईने केली. दोन-चार साधी वाक्ये, तीही अपुरी. दादांनी तिचा हात धरून ठेवला होता.
निष्कर्ष: माझी तयारी कमी पडते आहे.

५ मार्च
मृत्यूच्या भीतीचे निरसन आज पूर्ण झाले. चार भाग, प्रत्येकास शास्त्राधार. दुपारी टिपणे घेऊन मागच्या खोलीत गेलो. दादांचे डोळे मिटलेले. श्वास जड ओझे ओढावे तसा थांबत थांबत चाललेला. सूनबाई उठून पायथ्याशी बसली आणि मला जागा दिली.
टिपणे उघडली. दादांनी न पाहताच हात पुढे केला.
"बोलू नकोस," ते म्हणाले. "नुसता बस."
बसलो. हात गार होता. मला वाचायचे नव्हते, सांगायचे नव्हते, सिद्ध करायचे नव्हते. अशा स्थितीत माणसाने काय करावे, हे मला कळेना. मग वाटले, शास्त्रवाचनाविना हे योग्य नव्हे. बायबल त्यांच्या उशाशीच होते; परंतु खुणा माझ्या प्रतीत आहेत. ती आणण्यासाठी हात सोडवून घेतला. त्यांनी बोटे आवळली होती, त्यामुळे थोडा जोर लावावा लागला.
प्रत माझ्या खोलीत वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सापडली. समासात माझेच एक जुने टिपण होते. अक्षर लागेना म्हणून खिडकीशी नेऊन वाचत उभा राहिलो.
सूनबाई दाराशी येऊन उभी राहिली.
"बाबा, गेले ते."

८ मार्च
दफनविधी झाला. घरी माणसे आली होती. पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारले, "शेवटी तुम्ही सोबत होता ना त्यांच्या?"
मी हो म्हणालो.
सूनबाई शेजारीच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्यापुढे कप धरला. मी घेतल्यावर ती पुढच्या माणसाकडे वळली.
एका छताखाली असणे ही सोबतच होय, असा युक्तिवाद करता येतो. केला. टिकला नाही.