नऊ वाजताची भाकर

पलूस,
१९ ऑगस्ट २०२४

ती. मंगलआत्या यांस,
क्रांतीचा सलाम वि. वि.

लाल पेन्सिल जवळ घेऊनच वाचा. रागात लिहिते आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणार नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

आपल्या चर्चच्या मंडळीचे दोन तुकडे झाले. कारण काय, तर पेला! कोरोनानंतर भाऊसोकाकांनी प्रभुभोजनासाठी प्रत्येकाला वेगळी छोटी पेली आणली. बाबा म्हणाले, बापजाद्यांनी एका पेल्यातून घेतलं, आम्हीही तसंच घेणार. तीन वर्षं कुरबुर चालली. आता साताऱ्याचे पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात तेव्हा उपासना दोन होतात. आठ वाजता बाबांची, दहा वाजता काकांची. देऊळ तेच, बाकं तीच, द्राक्षरस एकाच बाटलीतला. सख्खे भाऊ दारात समोरासमोर आले की खाली मान घालून चपला शोधत बसतात.

भाकर मात्र मी करते. आजीची रीत तुम्हाला माहीत आहे, ज्वारीची एकच, तव्याएवढी. ह्या चार तारखेला पहिल्यांदा दोन उपासना झाल्या तेव्हा मी आजारी होते, म्हणून दोन्हीकडे पाव आणला. आता बाबा म्हणतात, दोन कर, मूठभर पीठ जास्त, तुझं काय जातंय. काकांचाही तोच निरोप. ह्या एका बाबतीत बरं एकमत झालं!

आपण सगळे एकाच भाकरीचे वाटेकरी, हे मला तुम्हीच शिकवलंत. शाळेत जायच्या आधी परातीतल्या पिठावर बोटाने 'भ' काढून. दोन थापल्या तर मी हाताने खोटं बोलते आहे. नाही थापल्या तर बापाचा शब्द मोडते. झोप लागत नाही. काय करू?

लोभ राहू द्या. राग उतरला की तोच लागणार आहे.

तुमची,
क्रांती


विश्रामबाग, सांगली,
२४ ऑगस्ट २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

अकरा चुका. 'द्राक्षरस' मात्र बरोबर लिहिलास, शाबास.

दोन कर आणि गप्प राहा. नाथाजी आणि भाऊसो लहानपणी एका पेरूवरून आठवडा आठवडा बोलत नसत. तू मध्ये पडलीस तर दोघांचं खापर तुझ्यावर फुटेल. देव काय भाकरी मोजत बसला आहे? मी इथे रविवारी दार लावून एकटी पवित्र शास्त्र वाचते. माझं काही अडत नाही. पुष्कळ वर्षं झाली, तुला माहीतच आहे, गुडघे साथ देत नाहीत.

जेवण वेळेवर घे. तुझा जीव पहिल्यापासून फार कासावीस होतो.

माया आहे तशीच आहे, पत्र न आलं तरी.

तुझी,
आत्या


पलूस,
२ सप्टेंबर २०२४

ती. मंगलआत्या यांस,
सलाम.

मी तुमचं ऐकलं नाही. काल एकच भाकर केली. पाळकसाहेबांना सांगितलं, आठ वाजता अर्धीच मोडा, उरलेली अर्धी दहा वाजता. ते हो म्हणाले. मला वाटलं, पेले वेगळे असोत, भाकर तरी एक राहील.

दहा वाजता काकांच्या बाजूच्या राहीबाईकाकूंनी पांढरं फडकं उचललं आणि मोडलेली कड बघितली. सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या, ही त्यांच्या ताटातली उष्टी भाकर हाय, उष्टं आमी न्हाई खायाचं. कुणीच हात लावला नाही. काका जागचे उठले नाहीत. प्रभुभोजन झालंच नाही.

उष्टी! आत्या, माझ्या पणजोबांच्या पदरात गावाने उष्टी-शिळी भाकर टाकली, वरून टाकली. ती झिडकारून ते ह्या देवळात आले, कारण इथे एका ताटातलं खाल्लं तरी कुणी त्याला उष्टं म्हणत नव्हतं. तोच शब्द काल आपल्याच माणसाने आपल्याच भाकरीला लावला. आणि घरी आल्यावर बाबा हसले. बरं झालं, म्हणाले, त्यांना उपाशी पाठवलंस. मी परात आपटली. आयुष्यात पहिल्यांदा.

ती अर्धी भाकर मी देवळामागे बसून एकटीने खाल्ली, रडत आणि शिव्या देत. अशी खाल्लेली प्रभुभोजन म्हणून लागू होते की उलट दोषच लागतो, मला कळत नाही.

आता तुमच्याबद्दल. गुडघ्यांचं कारण मला पुन्हा लिहू नका. त्याच गुडघ्यांनी तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. दार लावून बसायला जमतं, तर तुमच्यात आणि त्या दोघांत फरक काय? त्यांनी मंडळीचे दोन तुकडे केले, तुम्ही एकटीचा तिसरा केलात. ऑक्टोबरपासून मी भाकर करणार नाही. एकही नाही.

उद्धट लिहिलं आहे. खोडणार नाही.

क्रांती


विश्रामबाग, सांगली,
९ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

चुका मोजल्या नाहीत.

तुझ्या आईच्या आधी भाकर मी करत होते. सासरहून परत आल्यावर पाच वर्षं. मग कोर्टाचा कागद आला, आणि पुढच्याच शनिवारी नाथाजी आणि भाऊसो दोघे मिळून स्वयंपाकघरात आले. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या हातची भाकर मंडळीला चालणार नाही, असं म्हणाले. मंडळीला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. नाथाजीने परात उचलली, भाऊसोने तवा. तुझे बाप-चुलते अगदी एकदिलाने वागलेले मी तेव्हाच पाहिले. गुडघे तेव्हापासून दुखतात.

आणखी एक लिहून देते. तुला दोन भाकरी कर म्हटलं ते शांततेसाठी नव्हे. ते दोघे फुटले हे वाचून मला बरं वाटलं होतं. पत्र उशाखाली ठेवून झोपले. पंधरा वर्षं शास्त्र वाचून मी एवढीच झाले. दार लावलं की हे मला दाखवून द्यायला कुणी नसतं, म्हणून लावत होते.

तुझी अर्धी भाकर लागू झाली. माझं शास्त्र एवढं सांगतं, बाकी पाळकसाहेबांना विचार.

सहा ऑक्टोबरला येते. परात घासून ठेव. भाकर मी करणार. आठला नाही आणि दहालाही नाही, नऊ वाजता. ज्याला माझ्या हातची चालत नसेल त्याने ते माझ्या तोंडावर सांगावं, आणि मोठ्याने सांगावं, मला ऐकू येत नाही.

शिव्या दिल्यास तरी माझीच आहेस.

आत्या


पलूस,
७ ऑक्टोबर २०२४

ती. मंगलआत्या यांस,
सलाम वि. वि.

तुम्ही तीनच्या गाडीने गेलात, त्यानंतरचं कळवते.

पाळकसाहेबांनी दोन्हीकडे नऊचीच वेळ कळवली होती. नऊ वाजता तुम्ही परात मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसला होतात, तेव्हा बाबा दहा मिनिटं घरातच बटणं लावत होते, हे तुम्हाला दिसलं नसेल. एकीकडे बाबा उभे, दुसरीकडे काका, आणि मध्ये तुम्ही. चालत नाही असं म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही. टेबलावर मोठा पेलाही होता आणि छोट्या पेल्याही. ज्याने त्याने आपापल्यातून घेतलं. पण भाकर एकच मोडली. राहीबाईकाकूंनी घेतली. त्यांनी आधी कड निरखून बघितली, तो भाग मी पोटात घालते आहे. जमेल तेवढा.

तुमची माफी कुणी मागितली नाही. त्याचा राग मला आजही आहे आणि तो मी सोडणार नाही.

संध्याकाळी काका अंगणात आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, मंगलला सांग, पुढच्या बारीला जाळ कमी ठेव, भाकर करपली व्हती. बाबा आतून ओरडले, करपली तर करपली, तिच्या हातची हाय. मग काका म्हणाले, तुला चवीतलं काय कळतंय. त्यावरून दोघे दिवे लागेपर्यंत भांडले, एकाच खाटेवर बसून.

नोव्हेंबरचा पहिला रविवार तीन तारखेला आहे. ह्या पत्रातल्या चुका टपालाने पाठवू नका. घेऊनच या.

परात घासून पालथी घातली आहे.

तुमची,
क्रांती