टॉवेलचा हत्ती

सौंसर, शनिवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

धाकट्या जावेचा, स्मिताचा, जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. क्रूझवरचा त्यांचा आज पहिला दिवस. "ताई, पाहा ना, झोपल्या झोपल्या समुद्र दिसून राहिला!" पलंगावर कुणीतरी टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. सोंड ताठ, डोळ्यांवर गॉगल. टॉवेलला गॉगल!

आमची संत्री तोडणीला आली, म्हणून आम्ही घरी. निघताना त्यांच्या हातावर दही-साखर मीच ठेवली. जामसांवलीच्या मारुतीला नारळही मीच फोडला, सुखरूप जाऊ दे म्हणून. मनापासून? आता काय सांगू.

मग त्यांची चार वर्षांची पिहू रडायला लागली. समोर एवढं खायला मांडलेलं, आणि पोरगी म्हणते, "मले मोठ्या आईच्या हातचा वरणभात पाहिजे." मोठी आई म्हणजे मी. स्मिताचं तोंड एवढंसं झालं. मी पिहूला "उगी, उगी" म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. रडू दिलं थोडं. इतकं बरं वाटलं, की विचारू नका.

फोन ठेवला तर माझी गौरी घरचा टॉवेल घेऊन बसलेली. "आई, सोंडच उभी होऊन नाही राहिली." मीही घड्या घालून पाहिल्या. धुऊन धुऊन मऊ पडलेला टॉवेल, सोंड लोळतेच. शेवटी गौरीच म्हणाली, "राहू दे, आपला हत्ती झोपला आहे. पिहूले फोटो पाठवू?"

फोन चार्जिंगला लावला आहे, म्हटलं.

फोन माझ्या पदराखालीच होता.