उद्याच्या उतारापूर्वी

मी, खाली सही करणारी, सायकलच्या पिशव्या शिवून पोट भरणारी विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे.

कारण असे. एकटीने सायकलवरून डोंगर ओलांडताना मी शेवटच्या खिंडीत, रस्ता-कामगारांच्या खोलीत पोचले आहे. पावसाने आणि खडीने ब्रेकचे रबर खाऊन टाकले. आता नुसते लोखंड चाकाला घासते. जादा रबर होते, पण चढाला ओझे नको म्हणून मागच्या गावातून मी ते पार्सलने घरी पाठवले. आम्हा सायकलवाल्यांना हे वेडच असते, दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा कापतो आम्ही. उद्या बर्फामुळे रस्ता बंद होणार, आणि कामगार ट्रकने खाली जाणार. मी मात्र सायकलवरूनच उतरणार. आजवर एकही डोंगर मी दुसऱ्याच्या गाडीत बसून ओलांडलेला नाही.

कलम १. वडिलांकडून मला मिळालेले शिवणकामाचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलीला मिळाव्यात. ती मला मावशी म्हणते आणि माझी चूक तोंडावर सांगते. मृत्युपत्र न करता मी गेले, तर घर माझ्या थोरल्या भावाकडे जाईल. तो वकिलाला विचारूनही आला आहे. "हिचं तुझं रक्ताचं नातं काय?" असे त्याने तिच्यादेखत विचारले. पोरीने मान खाली घातली ती वर केली नाही. त्याच दिवशी हे लिहायला हवे होते. आज करू, उद्या करू, असे करत राहिले.

कलम २. जाड कापडाचे शिलाई मशीन तिचेच. वहिनीला पडदे शिवायला देऊ नये; मागच्या वेळी सुई मोडून परत आले आणि वर आम्हालाच बोलणी बसली.

कलम ३. थोरल्या भावाला माझी जुनी सायकल. तिची सीट फार टोचते. त्याने ती रोज चालवावी.

कलम ४. मी दरीत पडले, तर शोधायला कोणी खाली उतरू नये. खोटे कशाला बोलू, मला भीती वाटते आहे.

इथवर लिहून मी साक्षीसाठी कागद पुढे केला. कामगारांच्या मुकादमांनी वाचून तो त्यांच्या स्वयंपाकीणबाईंकडे सरकवला. त्यांनी हात पुसून पहिले वाक्य मोठ्याने वाचले.

"पूर्ण शुद्धीवर? ताई, ब्रेक नसलेली सायकल या उतारावर घालणारं माणूस शुद्धीवर असतं होय?"

"पायी गेले तर बर्फात अडकेन," मी म्हटले.

"म्हणून तर ट्रक आहे," मुकादम म्हणाले. "उद्या तुमच्या भावाने विचारलं, बाई शुद्धीवर होती का, तर मी काय सांगू? खोटी साक्ष मी देत नाही."

"अहो, त्या पोरीच्या डोक्यावरचं छप्पर जाईल!"

"ते तुम्ही घालवताय, ताई. आम्ही नाही," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या.

मी तणतणत बाहेर पडले आणि सायकल पहिल्या वळणापर्यंत उतरवून पाहिली. दोन्ही ब्रेक आवळले तरी ती थांबेना. पाय घासले, बूट फाटला, शेवटी कठड्यावर अंग टाकले. पलीकडे खोल दरी होती. कागद सहीविना टेबलावर पडलेला, आणि मी इथे. सायकल ढकलत परत वर आले.

कलम ४ रद्द.

कलम ५. मी उद्या ट्रकने उतरेन. प्रवास अर्धवट सुटला याचे मला फार वाईट वाटते; कोणी समजूत घालायला येऊ नये. तरी हा कागद आजच पुरा करते, खाली गेल्यावर पुन्हा चालढकल होईल.

पोरी, मामाने पुन्हा नाते विचारले, तर मान वर करून हा कागद दाखव. सांग, मावशीने माझ्यासाठी डोंगर अर्धा सोडला.

स्थळ: खिंडीतली खोली, चुलीजवळचे टेबल.
दिनांक: रस्ता बंद होण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सही: पिशव्या शिवणारी

साक्षीदार: मुकादम, स्वयंपाकीण
(सायकल दोरखंडाने ट्रकला बांधून झाल्यावर ताईंनी आमच्यासमोर सही केली, आणि मगच आम्ही केली.)